वृषभाच्या शिंगावरील ठिणगी

रेडिओचा काटा फिरवून हवे ते केंद्र शोधावयाचे, ही गोष्ट श्रोत्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. काटा एका जागी थांबवला म्हणजे एक केंद्र बोलू लागते. केसभर सरकवला म्हणजे दुसरे. दोन्ही केंद्रांच्या लहरी एकाच वेळी आपल्या खोलीत भरून राहिलेल्या असतात. आपण ज्या तरंगलांबीला कान देऊ तीच तेवढी आपल्याला ऐकू येते. खगोलशास्त्रज्ञाचे कामही पुष्कळसे असेच आहे. आकाशातील एखादी वस्तू रेडिओ-लहरींत एक गोष्ट सांगते, दृश्य प्रकाशात दुसरी आणि क्ष-किरणांत तिसरी. संगीतात कंपनसंख्या दुप्पट झाली म्हणजे स्वर एक सप्तक चढला असे आपण म्हणतो. त्या हिशेबाने एक मीटर लांबीच्या रेडिओ-लहरीपासून, ज्यांच्याविषयी मी आज बोलणार आहे त्या गॅमा किरणांपर्यंत, सुमारे ४६ सप्तके होतात. यांपैकी आपल्या डोळ्यांना जेमतेम एकच सप्तक दिसते. बाकीच्या पंचेचाळिसांसाठी माणसाला निरनिराळी उपकरणे घडवावी लागली.

२०१० साली या सर्वांत वरच्या सप्तकांत आकाशातील एका प्राचीन राखेतून अचानक ज्वाला उठली. ती चार दिवस टिकली आणि विझली. ती नेमकी कोठून उठली हे शोधण्यासाठी शास्त्रज्ञांनी सारी सप्तके धुंडाळली. त्या शोधाची आणि त्याच्या काहीशा अनपेक्षित फळाची ही हकीकत आहे.

हकीकतीचा एक धागा आपल्या देशातून निघतो. २३ एप्रिल २००७ रोजी श्रीहरिकोटा येथून आपल्या पीएसएलव्ही अग्निबाणाने ३५२ किलोग्रॅम वजनाचा एक इटालियन उपग्रह अवकाशात नेला. त्याचे नाव ‘आजिले’. गॅमा किरणांचा वेध घेणे हे त्याचे काम. पुढच्या वर्षी जूनमध्ये त्याच कामासाठी अमेरिकेचा ‘फर्मी’ हा पुष्कळ मोठा उपग्रह वर गेला. २२ सप्टेंबर २०१० रोजी आजिलेच्या शास्त्रज्ञांनी जगातील वेधशाळांना तातडीचा संदेश धाडला: वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघाच्या दिशेने येणारे गॅमा किरण एकाएकी वाढले आहेत. दुसऱ्याच दिवशी फर्मीने या वार्तेस दुजोरा दिला.

वरवर पाहता यात विशेष ते काय, असे वाटेल. आकाशात गॅमा किरणांचे भडके नेहमीच उडत असतात. परंतु या बातमीने शास्त्रज्ञ चकित झाले, याचे कारण भडका उडाला ती जागा. ते समजण्यासाठी या तेजोमेघाची पूर्वपीठिका थोडक्यात सांगितली पाहिजे.

१०५४ सालच्या जुलै महिन्यात चीनमधील राजज्योतिष्यांनी वृषभाच्या एका शिंगाच्या टोकाशी एक ‘पाहुणा तारा’ पाहिला. तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता आणि रात्री तर सुमारे पावणेदोन वर्षे दिसत राहिला. एका वजनदार ताऱ्याचा तो अंतकाळचा स्फोट होता. जपानात आणि अरबी लेखनातही त्याची नोंद आहे. मग आपल्याकडे का नसावी, असा प्रश्न साहजिकच मनात येतो. दिवंगत जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय ग्रंथांतून अशी नोंद शोधण्याचा प्रयत्न केला आणि २००१ मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. निर्विवाद म्हणता येईल असा उल्लेख काही हाती लागला नाही. ‘शोधले आणि सापडले नाही’ हे सांगण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट श्रोत्यांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याशी पुन्हा गाठ पडणार आहे.

त्या स्फोटाचे अवशेष म्हणजेच हा तेजोमेघ. इंग्लंडमधील जॉन बेव्हिस याने १७३१ मध्ये तो दुर्बिणीतून पाहिला. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड रॉस यांनी काढलेल्या चित्रात त्याला खेकड्यासारखे रूप आले आणि क्रॅब, म्हणजे खेकडा, हे नाव त्याला चिकटले. तो आपल्यापासून सुमारे साडेसहा हजार प्रकाशवर्षे दूर आहे; त्याचा विस्तार दहा-अकरा प्रकाशवर्षांचा आहे. विसाव्या शतकात जसजशी नवी उपकरणे हाती आली तसतसा तो नव्या नव्या तरंगलांबींत बोलू लागला. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी एका जोरदार रेडिओ-उगमाची सांगड त्याच्याशी घातली. ७ जुलै १९६४ रोजी चंद्र या तेजोमेघासमोरून जात असता अमेरिकेत हर्बर्ट फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अग्निबाण वर सोडला. चंद्राची कड पुढे सरकत गेली तसतसे क्ष-किरण हळूहळू मंदावत गेले. ते एखाद्या बिंदूतून येत असते तर दिवा मालवावा तसे एकदम नाहीसे झाले असते. त्यावरून ते विस्तीर्ण जागेतून येत आहेत असे सिद्ध झाले. उगमाची जागा ठरविण्यासाठी चंद्राच्या कडेचा असा उपयोग करण्याची युक्ती पुढे गोविंद स्वरूप यांनी उदकमंडलम येथील रेडिओ-दुर्बिणीच्या रचनेत मुळाशीच धरली होती. १९६८ मध्ये तेजोमेघाच्या पोटातील स्पंदकाचा शोध लागला. हा न्यूट्रॉनांचा बनलेला, एखाद्या शहराएवढ्या व्यासाचा तारा सेकंदाला सुमारे तीस वेळा स्वतःभोवती फिरतो आणि आपल्या फिरण्यातील ऊर्जा भोवतालच्या मेघाला पुरवीत राहतो. साऱ्या तेजोमेघाचा प्रपंच या एका चाकावर चालतो.

हा तेजोमेघ इतका तेजस्वी आणि इतका स्थिर, की शास्त्रज्ञांनी त्याला मोजपट्टीच करून टाकले होते. नवे क्ष-किरण उपकरण वर गेले की प्रथम ते या तेजोमेघाकडे वळवावयाचे आणि त्यावरून त्याची पारख करावयाची, असा रिवाज पडला होता. इतर उगमांचे तेजदेखील ‘इतके क्रॅब’ किंवा ‘क्रॅबचा इतका हजारांश’ असे सांगत. एखाद्या वाण्याच्या दुकानातील शेराचे माप मधूनच फुगते आणि आकसते असे कळले तर गावात केवढी खळबळ उडेल! सप्टेंबर २०१० मध्ये नेमके असेच झाले. जुनी निरीक्षणे पुन्हा चाळली तेव्हा ऑक्टोबर २००७ आणि फेब्रुवारी २००९ मध्येही असेच भडके उडून गेल्याचे दिसून आले. त्यातच २०११ च्या आरंभी आणखी एक वृत्त प्रसिद्ध झाले. क्ष-किरणांतील त्याचे तेज २००८ पासूनच्या दोन वर्षांत सुमारे सात टक्क्यांनी घटले होते. मापच हलत होते.

आता प्रश्न असा, की ज्वाला उठली ती नेमकी कोठून? येथे गॅमा किरणांची मोठी अडचण आहे. त्यांची तरंगलांबी अणुकेंद्रकाच्या आकाराएवढी सूक्ष्म असते, आणि त्यामुळे कोणतेही भिंग वा आरसा त्यांना वळवू शकत नाही. फर्मी उपग्रहात टंग्स्टनचे पातळ पत्रे एकावर एक रचले आहेत. गॅमा किरण एखाद्या पत्र्यावर आदळला की त्याच्यातून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी जन्मते. त्या जोडीची पावले उमटतात, आणि त्यांवरून किरण कोणत्या दिशेने आला याचा अंदाज बांधावयाचा. या अंदाजात काही अंशांची चूक होऊ शकते. आपले जुने ज्योतिषी आकाशातील अंतरे अंश, कला आणि विकला यांत मोजीत. तीच मापे येथेही सोयीची आहेत. एका अंशाच्या साठ कला, एका कलेच्या साठ विकला. चंद्राचे बिंब अर्धा अंश रुंद दिसते, आणि खेकडा तेजोमेघ अवघा सहा-सात कला लांब आहे. पुष्कळ किरणांची सरासरी घेतली म्हणजे ठिकाण बरेच नेमके होते हे खरे. पण तेजोमेघाच्या आत कोणत्या कोपऱ्यात आग लागली हे गॅमा किरण सांगू शकत नाहीत. गावात कोठे तरी आग लागली आहे एवढे दुरून कळावे आणि कोणत्या आळीत, कोणत्या घरात हे कळू नये, तशातला प्रकार. घर शोधावयाचे तर काटा खालच्या सप्तकांकडे वळविणे भाग होते. ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण सुमारे अर्ध्या विकलेचा तपशील पाहू शकते. हबलची नजर तिच्याहूनही तीक्ष्ण आहे.

प्रथम संशयितांची यादी झाली. तेजोमेघाच्या मागे, त्याच रेषेत, एखादी दूरची आकाशगंगा तर भडकली नाही ना? ‘स्विफ्ट’ उपग्रहाने तो परिसर क्ष-किरणांत तपासला. असा दोषी कोणी आढळला नाही. मग स्पंदकच का नव्हे? त्याच्या ठेक्याबरोबर येणारे गॅमा किरण वेगळे काढून पाहिले, तर त्यांत काहीही वाढ नव्हती. रेडिओ-दुर्बिणींतून त्याचा ठेका तपासला, तर त्यालाही धक्का बसलेला नव्हता. तेव्हा ज्वाला स्पंदकाची नव्हे, भोवतालच्या मेघाची, येथपर्यंत निश्चिती झाली.

दुसरा पुरावा काळाचा होता. एखादी वस्तू आठ तासांत दुप्पट तेजाळत असेल तर ती साधारणतः आठ प्रकाश-तासांहून मोठी असू शकत नाही. कारण वस्तूच्या एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला प्रकाशाहून लवकर पोचत नाही, आणि सर्व भागांनी एकजुटीने उजळावयाचे तर खबर पोचलीच पाहिजे. आठ प्रकाश-तास म्हणजे नेपच्यूनच्या कक्षेची रुंदी. दहा प्रकाशवर्षांच्या अवाढव्य मेघात आपल्या सूर्यमालेएवढी एक जागा भडकली होती. साडेसहा हजार प्रकाशवर्षांवरून ती जागा विकलेच्या जेमतेम तिसाव्या हिश्शाएवढी दिसणार.

२८ सप्टेंबरला ‘चंद्रा’ने आणि २ ऑक्टोबरला हबलने तेजोमेघाची चित्रे घेतली. पण तोवर ज्वाला विझून गेली होती. बंब पोचले तेव्हा राखच उरली होती. स्पंदकाजवळ काही उजळ गाठी दिसल्या खऱ्या, परंतु त्या ठिकाणी अशा गाठी आणि तरंग एरवीही उमटत असतात. या दोन दुर्बिणींनी पूर्वीच दाखवून दिले होते की तेथील तरंग प्रकाशाच्या निम्म्या वेगाने बाहेर धावतात. खळाळत्या नदीच्या एखाद्या लाटेकडे बोट दाखवून ‘आग हिनेच लावली’ असे कसे म्हणावे?

म्हणून पुढच्या वेळेची तयारी करून ठेवण्यात आली. ज्वाला उठताच कोणत्या दुर्बिणीने काय पाहावयाचे हे आधीच ठरले. संधी फार लवकर आली. एप्रिल २०११ मध्ये खेकडा तेजोमेघ पूर्वी कधी दिसला नव्हता इतका भडकला. ज्वाला सुमारे नऊ दिवस चालली. ती शिगेला पोचली तेव्हा मेघाचे गॅमा तेज नेहमीच्या सुमारे तीसपट झाले होते. त्या लहानशा जागेतून, सर्व दिशांना सारखेच पसरत आहे असे धरले तर, आपल्या सूर्याच्या सुमारे हजारपट ऊर्जा बाहेर पडत होती. या वेळी दुर्बिणी राखेपाशी नव्हे, जळत्या आगीपाशी हजर होत्या. ‘चंद्रा’ने ज्वाला चालू असतानाच पुन्हा पुन्हा क्ष-किरणचित्रे घेतली. हवाई बेटांवरील केक दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात स्पंदकाला अगदी लगटून असलेली, एका विकलेच्या आतली गाठ न्याहाळली. न्यू मेक्सिकोतील रेडिओ-दुर्बिणींच्या मालिकेने रेडिओ-लहरींत पाहिले. सर्व चित्रे एकापुढे एक मांडून मार्टिन वाइसकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. क्ष-किरणांत काही अस्पष्ट खुणा होत्या. परंतु ज्वालेची जागा दाखवील असा, संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरणारा बदल कोठेही आढळला नाही. क्ष-किरणांत नाही, अवरक्तात नाही, रेडिओतही नाही. गॅमा किरणांच्या वरच्या सप्तकांचाही निर्णायक कौल मिळाला नाही. तिबेटमधील एका प्रयोगाने २०१० च्या ज्वालेच्या वेळी वाढ दिसल्याचे कळविले होते. पण कॅनरी बेटांवरील आणि ॲरिझोनातील दुर्बिणींना तशी वाढ दिसली नाही. मार्च २०१३ मध्ये पुन्हा मोठी ज्वाला उठली. तेव्हाही त्या अत्युच्च पट्टीत शांतताच होती.

इतक्या खटाटोपानंतर हाती काय लागले, तर शून्य, असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. शेजारी झोपेत असल्यामुळे काही ऐकले नाही असे सांगतो, त्याला पुरावा म्हणत नाहीत. परंतु चार जागरूक साक्षीदार निरनिराळ्या खिडक्यांतून टक लावून बसले असता चौघांनाही काही दिसत नाही, तेव्हा त्यांचे न दिसणे हीच मोठी साक्ष होते. ती साक्ष काय सांगते ते पाहू.

तेजोमेघातील बराचसा प्रकाश चुंबकीय क्षेत्रात वळणे घेणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांतून सांडतो. सामान्य आघात-लहरीत सर्व तऱ्हेच्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन तयार होतात. दुबळे फार आणि बलवान थोडे. अशा लहरीने ज्वाला पेटविली असती तर क्ष-किरणांत आणि त्याखालीही तिचा उजेड पडण्याची अपेक्षा होती. तो पडला नाही. याचा अर्थ असा, की ज्वालेतील इलेक्ट्रॉनांत दुबळ्यांचा भरणा नव्हता. जवळजवळ सारेच सारख्या, प्रचंड ऊर्जेचे होते. ती ऊर्जा एकावर पंधरा शून्ये इतके इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे जिनिव्हाजवळच्या महात्वरकात प्रोटॉनांना मिळते तिच्या शंभरपटीहून अधिक. असे इलेक्ट्रॉन आपले जवळजवळ सारे धन गॅमा किरणांत उधळतात. क्ष-किरणांत त्यांच्याकडून जो उजेड पडेल तो मेघाच्या एरवीच्या झगझगाटात, भर उन्हातल्या समईसारखा, दिसेनासा होतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. चुंबकीय क्षेत्रात वळता वळता ऊर्जा मिळविणाऱ्या इलेक्ट्रॉनाची स्थिती फुटक्या रांजणासारखी असते. वरून भरावे तितके खालून गळते. या गळतीमुळे त्याच्या प्रकाशाला एक वरची मर्यादा पडते. ती सुमारे १६ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट आहे असे जुने गणित सांगते. एप्रिल २०११ च्या ज्वालेचा भर मात्र ३७ कोटींच्या आसपास होता. तेव्हा हे इलेक्ट्रॉन अशा जागी त्वरित झाले असले पाहिजेत, जेथे विद्युत् क्षेत्र चुंबकीय क्षेत्रावर मात करते आणि इलेक्ट्रॉन फारसे न वळता सरळ पळत सुटतो. परस्परविरुद्ध दिशांच्या चुंबकीय रेषा एकमेकींना भिडून तुटतात आणि नव्याने जुळतात, तेव्हा अशी जागा क्षणकाल निर्माण होऊ शकते. सूर्यावरील ज्वालांच्या मुळाशीही रेषांची अशीच पुनर्जोडणी असते असे आपण मानतो. खेकडा तेजोमेघातील ज्वालांचे हे स्पष्टीकरण आज पुष्कळांना पटते. आणि रिकाम्या हाताने परतलेल्या त्या क्ष-किरण, अवरक्त आणि रेडिओ-चित्रांचा त्या पटण्यात मोठा वाटा आहे.

मात्र घर अद्याप सापडलेले नाही. स्पंदकाजवळच्या त्या गाठीवर अनेकांचा संशय होता. २०१५ मध्ये तिच्या दीर्घ निरीक्षणांचा अहवाल आला, तेव्हा तिचे आकार-तेज आणि ज्वाला यांचा मेळ बसत नसल्याचे दिसले. इतर दिशांनी ज्ञान वाढत राहिले. भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ने उच्च ऊर्जेच्या क्ष-किरणांत या स्पंदकाच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण कसे बदलते ते मोजले, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि पुण्याच्या आयुका संस्थेचा सहभाग होता. २०२१ मध्ये चीनच्या पर्वतावरील एका वेधशाळेने याच तेजोमेघातून आलेला, एकावर पंधरा शून्ये या मर्यादेपलीकडच्या ऊर्जेचा किरण नोंदविल्याचे जाहीर केले. म्हणजे तसले बलाढ्य इलेक्ट्रॉन तेथे खरोखरीच वावरतात. लडाखमधील हानले येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने उभारलेल्या २१ मीटर व्यासाच्या गॅमा दुर्बिणीचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले आहे, आणि रेडिओ-लहरींसाठी नारायणगावजवळ खोडद येथे तीस तबकड्यांची दुर्बीण आहे. श्रीहरिकोट्याहून गेलेल्या ‘आजिले’चे कार्य मात्र २०२४ च्या आरंभी संपले आणि त्याच फेब्रुवारीत तो वातावरणात शिरून जळून गेला. ज्या ज्वालेची वार्ता त्याने प्रथम दिली, तिचे घर कळण्याआधीच.

हिवाळ्याच्या रात्री रोहिणीच्या पलीकडे वृषभाच्या शिंगांकडे पाहिले तर आपल्या डोळ्यांना तेथे काहीच दिसत नाही. एका सप्तकाचे डोळे घेऊन आलेल्या आपल्याला ते दिसणारही नाही. परंतु पुढची मोठी ज्वाला उठेल तेव्हा अनेक सप्तकांतील डोळे एकदम त्या जागेकडे वळतील. कदाचित या वेळी एखाद्या चित्रात ती जागा उमटेल. कदाचित पुन्हा सारी चित्रे कोरीच येतील. तसे झाले तर ती कोरी चित्रेदेखील जपून ठेवावी लागतील. कोणी, कोठे, किती बारकाईने पाहिले आणि काय दिसले नाही, याची प्रामाणिक नोंद नसेल तर पुढे येणाऱ्याला तोच कोपरा पुन्हा पहिल्यापासून धुंडाळावा लागतो.